गाडीला जो नियम, तो सर्व्हरला का नाही?

१ एप्रिल २०२३ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एक जादा परीक्षा द्यावी लागते. प्रयोगशाळेत रोलरवर चाके फिरवली आणि धूर मर्यादेत आला, एवढ्यावर आता भागत नाही. मोजणीचे यंत्र गाडीच्या मागे बांधून ती खऱ्या रस्त्यावर, रहदारीत, चढ-उतारावर चालवायची आणि तिथले आकडेही दाखवायचे. गाडी ग्राहकाच्या दारात गेल्यावरही तिच्यातली यंत्रणा धूर रोखणाऱ्या भागांवर नजर ठेवून असते. असल्या नियमांना जगभर जोर आला तो एका नामुष्कीनंतर. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या कुठे पाच पट, तर कुठे पस्तीस पट निघाले. प्रयोगशाळेत त्याच गाड्या सज्जनासारख्या वागत होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे हे प्रकरण जगापुढे आले. भारतातही त्या समूहाला ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. त्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्याशी ज्यांची नावे जोडली गेली आहेत त्या स्कोडा आणि ऑडीही होत्या. चाचणीच्या खोलीतले वर्तन आणि रस्त्यावरचे वर्तन एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय कुणाच्याही प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा मोटार उद्योगाने महागात घेतला. सार्वजनिक कामासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरने तो अजून घेतलेला नाही.

महाराष्ट्रात ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द आता ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या वाक्याइतका रुळला आहे. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला. विक्रमी, ९९.९५ टक्के. पण पंधरा लाखांहून अधिक मुलांना तो पाहायचा होता आणि मंडळाची संकेतस्थळे तासन्‌तास उघडतच नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये तलाठी भरतीची परीक्षा सुरू होती. दहा लाखांवर अर्ज आलेले. २१ तारखेला सर्व्हरच्या बिघाडाने सकाळच्या सत्रातले उमेदवार केंद्रांबाहेर ताटकळले. त्याच वर्षी एक रुपयात पीक विमा आला, दीड कोटीहून अधिक अर्ज भरले गेले, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टवर ढकलावी लागली. २१ मे २०२५ रोजी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदा सगळ्या राज्यासाठी खुली झाली आणि त्याच दिवशी कोलमडली. नोंदणीचा मुहूर्त २६ मेपर्यंत लांबला. पुढे सप्टेंबरमध्ये लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी झाल्या आणि मंत्र्यांनी त्या मान्यही केल्या. मुदतवाढ हेच आपल्याकडचे लोड बॅलन्सिंग आहे, असे म्हणावेसे वाटते.

अशा प्रत्येक वेळी खुलासा ठरलेला असतो: एकाच वेळी मोठ्या संख्येने लोकांनी भेट दिल्यामुळे ताण आला. हा खुलासा नीट वाचला तर तो कबुलीजबाब ठरतो. दहावीला किती मुले बसली हे मंडळाला शेवटच्या आकड्यापर्यंत माहीत असते. निकालाची वेळ मंडळच जाहीर करते. पीक विम्याची शेवटची तारीख सरकारच ठरवते आणि शेतकरी शेवटच्या दोन दिवसांत येणार हेही गावातल्या कुणालाही सांगता येईल. म्हणजे गर्दीची संख्या आणि वेळ ही दोन्ही गुपिते नाहीत. मग चाचणी झालीच नव्हती का? तसे गृहीत धरायचे कारण नाही. बहुतेक वेळा काहीतरी चाचणी झालेली असते, अहवाल फायलीला लावलेला असतो. विचारायला हवे ते हे की ती चाचणी कशावर बेतली होती आणि ती संपल्यावर तिच्या आकड्यांचे पुढे काय झाले.

भारचाचणी, म्हणजे लोकांच्या तोंडचे लोड टेस्टिंग, ही मुळात नाटकाची तालीम असते. एक प्रोग्राम हजारो खोटे वापरकर्ते तयार करतो. ते लॉगिन करतात, अर्ज भरतात, बटण दाबतात, आणि यंत्रणा किती वेळात उत्तर देते ते मोजले जाते. अडचण अशी की हे खोटे वापरकर्ते फार शहाणे असतात. ते रांगेत येतात, एकदाच बटण दाबतात, उत्तराची शांतपणे वाट पाहतात आणि काम झाले की निघून जातात. खरा माणूस असे करत नाही. पान तीन सेकंदांत उघडले नाही की तो पुन्हा दाबतो, मग पुन्हा. घरातले तिघे तीन मोबाइलवर एकच आसनक्रमांक टाकतात. सेतू केंद्रातला चालक दहा अर्ज दहा टॅबमध्ये उघडून बसतो, कारण त्याच्यापुढे रांग आहे. करमाडच्या पलीकडच्या एखाद्या वाडीत रेंज अर्धवट असली तर तिथून आलेली विनंती सर्व्हरला शहरातल्या विनंतीपेक्षा कितीतरी जास्त वेळ अडकवून ठेवते. भार म्हणजे निव्वळ माणसांची संख्या नव्हे; भाराला एक आकार असतो. हा आकार चाचणीच्या खोलीत बसून कल्पनेने काढता येत नाही. तो फक्त चालू यंत्रणेच्या नोंदींत सापडतो.

याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय अडखळले. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, कारण शोधले तेव्हा दिसले की लोकांच्या खरेदीने नव्हे, तर बँकांच्या यंत्रणांनी ‘त्या व्यवहाराचे काय झाले’ अशी चौकशी पुन्हा पुन्हा केल्याने गर्दी झाली होती. म्हणजे उत्तर उशिरा येते म्हणून विचारणा वाढते आणि विचारणा वाढते म्हणून उत्तर आणखी उशिरा येते. त्यानंतर अशी चौकशी किती वेळा आणि किती अंतराने करावी यावर बंधने आली. ऑगस्टपासून एका अॅपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येईल असेही ठरले. ‘इतके व्यवहार प्रति सेकंद’ एवढेच तपासणाऱ्या चाचणीत हे कधीही दिसले नसते. रेल्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. तात्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून बॉटचे असतात, हे रेल्वेने २०२५ मध्ये सांगितले. त्यांना अडवणारी व्यवस्था बसवल्यावर २२ मे रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. निम्मा भार कुणाचा आहे हे ज्याला माहीत नाही, तो चाचणीत कितीही मोठा आकडा घालो, तो आकडा अंदाजच राहतो.

सर्वांत सुरेख दाखला क्रिकेटचा. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. धोनी धावचीत झाला आणि लोक भराभर सामना सोडून निघाले. प्रेक्षक कमी झाले म्हणजे भार उतरला, असे कुणालाही वाटेल. घडले उलटे. सामना सोडणारा माणूस मागे जाण्याचे बटण दाबतो आणि मुखपृष्ठावर येतो. ते मुखपृष्ठ प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वेगळे मांडावे लागते. तेव्हा व्हिडिओच्या यंत्रणेवरचे ओझे दुसऱ्याच, त्या मानाने नाजूक यंत्रणांवर येऊन पडते. तिथल्या अभियंत्यांनी हे नंतर जाहीर भाषणांतून सांगितले. विकेट पडण्याचा हा धक्का त्यांच्या तालमीत होता, कारण आधीच्या सामन्यांच्या नोंदींनी तो त्यांना शिकवला होता. चाचणी आणि चालू देखरेख यांची सांगड म्हणतात ती ही.

यामागे थोडे गणितही आहे. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला एक नियम सांगतो की एखाद्या ठिकाणी एका वेळी हजर असलेली माणसे म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला ५०० जण येत असतील आणि प्रत्येकाचे काम दोन सेकंदांत होत असेल, तर आत हजार माणसे असतात. उत्तराला वीस सेकंद लागू लागले तर, येणाऱ्यांत एकाचीही भर न पडता, आत दहा हजार होतात. रांगेचा स्वभावही असाच कपटी. साध्या रांगेच्या गणितात काउंटर निम्मा वेळ व्यस्त असेल तर एका माणसाच्या कामाला लागतो साधारण तेवढाच वेळ थांबावे लागते. तो ९० टक्के व्यस्त झाला की नऊ पट, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस पट. म्हणून ‘काल तर ठीक चालले होते’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. कड्याच्या टोकापर्यंतची वाट सपाटच असते. चाचणी कडा कुठे आहे ते सांगते. देखरेख सांगते की आपण आत्ता कुठे उभे आहोत. दोघांचे नकाशे वेगळे असतील तर दोन्हींचा उपयोग नाही.

आणि ते वेगळे असतात. चाचणी करणारा कंत्राटदार सरासरी प्रतिसादकाळ मोजतो. चालू यंत्रणा सांभाळणारा दुसरा कुणी प्रोसेसर आणि मेमरी किती भरली ते पाहतो. एकाची सरासरी दोन सेकंद असते, दुसऱ्याच्या पडद्यावर सगळे हिरवे असते, आणि तरीही शंभरातल्या पाच जणांचे पान उघडतच नाही. पंधरा लाखांतले पाच टक्के म्हणजे पाऊण लाख घरे. सरासरीत ती दिसत नाहीत. दोन्हीकडे मोजमाप एकच हवे: अर्ज भरणाऱ्याला किती वेळ लागला, आणि सर्वांत हळू शंभरातल्या एकाला किती लागला. चाचणीत ज्या आकड्याला यंत्रणा डगमगली, तोच आकडा चालू यंत्रणेत धोक्याची घंटा म्हणून लावला गेला पाहिजे. गर्दीचा दिवस उलटला की त्या दिवसाच्या नोंदींतून भाराचा आकार काढून पुढची चाचणी त्यावर बेतली पाहिजे. आणि चाचणीने वर्तवले काय, घडले काय, यातला फरक कुणीतरी सही करून लिहून ठेवला पाहिजे.

शेंद्र्यात ही कल्पना कुणालाही नवी वाटणार नाही. २००१ पासून तिथे मोटारी बनतात. पर्किन्सच्या कारखान्यात जनरेटरची मोठी इंजिने बनतात. लोखंडाच्या धंद्यात गाडीच्या सांगाड्यावर ताण मोजणारे गेज चिकटवून ती खऱ्या रस्त्यांवर फिरवतात, खड्ड्यागणिक बसलेला धक्का नोंदवतात आणि तेच धक्के जसेच्या तसे चाचणीच्या बाकावर महिनोन्‌महिने देतात. विकलेल्या गाड्यांचे कोणते भाग वॉरंटीत परत आले, याची यादी पुन्हा चाचणी विभागाकडे जाते. गोदामात बसून ‘सरासरी भारतीय खड्डा’ कुणी कल्पत नाही. शेंद्रा कमंगरच्या मांगीरबाबाच्या यात्रेची तयारी करणाराही एरवीच्या मंगळवारची गर्दी मोजून मांडव घालत नाही, गेल्या यात्रेची आठवण धरून घालतो. त्याच शेंद्र्याच्या परिसरात ऑरिकसारखी स्मार्ट औद्योगिक नगरी उभी राहते, तिच्या कार्यालयात पडद्यांवर सेवांची देखरेख होते, आणि तिथल्या कामगाराच्या मुलीला अकरावीच्या अर्जासाठी पाच दिवस थांबावे लागते. ही विसंगती पैशाची किंवा बुद्धीची नाही. एका क्षेत्राने लावून घेतलेली शिस्त दुसऱ्याने लावून घेतलेली नाही, एवढीच आहे.

याला पहिला आक्षेप खर्चाचा येईल: वर्षातल्या दोन दिवसांसाठी एवढे सर्व्हर पोसायचे का? पोसू नयेत. पण किती दिवस आणि किती पोसायचे हे ठरवायलाच या नोंदी लागतात. आज आपण आंधळेपणाने कधी जास्त विकत घेतो, कधी कमी. मोजलेली क्षमता माहीत असेल तर दारात आभासी रांग लावता येते, टोकन देता येते, विभागवार दिवस ठरवून देता येतात. मुलाला ‘तुमचा क्रमांक चाळीस मिनिटांनी’ असे सांगणे आणि गोल फिरणारे चक्र दाखवणे यांत खर्चाचा फरक किरकोळ आहे. शिवाय मुदतवाढीचा खर्च कुणी मोजत नाही, कारण तो केंद्रात हेलपाटे घालणाऱ्याच्या बुडालेल्या रोजात वाटला गेलेला असतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा, आणि तो जास्त दमदार आहे. ते म्हणतील, आता क्लाउडवर गर्दी वाढली की यंत्रे आपोआप वाढतात. नीट देखरेख ठेवली तर आधीच्या चाचणीचे एवढे काय? दहावीच्या निकालाचे उदाहरण ते देऊ शकतील: २०२१ नंतर निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला, भार वाटला गेला. हे खरे आहे. पण निकाल ही नुसती वाचायची गोष्ट आहे; तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. प्रवेशाचा अर्ज, विम्याचा अर्ज, ई-केवायसी यांत प्रत्येक जण एकाच वहीत काहीतरी लिहीत असतो, आणि ती वही रातोरात दहापट होत नाही. त्यातून ओटीपी आणि आधारची पडताळणी या बाहेरच्या सेवा; त्यांच्या क्षमतेवर आपले क्लाउड काही करू शकत नाही. नवी यंत्रे जागी व्हायलाही वेळ लागतो. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता कोविनवर अठरा वर्षांवरील सर्वांची नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच ते गुदमरले. दिवसभरात नोंदणी सव्वा कोटीच्या वर गेली, हे त्या यंत्रणेचे यशच. पण ती पहिली मिनिटे देखरेखीने वाचवता येण्याजोगी नव्हती, तालमीनेच वाचली असती.

दोन्ही नसले तर काय होते हे अमेरिकेने २०१३ मध्ये पाहिले. आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबरला उघडण्याआधीच्या चाचणीत ते काही शे वापरकर्त्यांनीच बसले होते. तरी ते उघडले. पहिल्या दिवशी देशभरात सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. त्याहून विचित्र म्हणजे आत काय बिघडले आहे हे दाखवणारा साधा डॅशबोर्डही चालकांकडे नव्हता. दुरुस्तीला आलेल्या पथकाने सुरुवातीलाच जी कामे हाती घेतली, त्यांत यंत्रणेचे आकडे एका पडद्यावर आणणे हे एक होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. चालू यंत्रणेच्या नोंदी म्हणजे लोकांच्या आधार क्रमांकांची, बँक खात्यांची, जातीच्या दाखल्यांची वाट. त्या चाचणी करणाऱ्या खासगी कंपनीच्या हाती द्यायच्या का? मुळीच नाही. आणि तशी गरजही नाही. भाराचा आकार काढायला नाव-गाव लागत नाही; किती विनंत्या आल्या, कोणत्या सेकंदाला, कोणत्या पानासाठी, किती वेळ टिकल्या, किती पुन्हा आल्या, एवढे पुरते. मजकूर गाळून आकार ठेवायचा, हे काम नोंद लिहितानाच व्हायला हवे, नंतर नव्हे. यात हलगर्जी होऊ शकते हे मान्य करतो, आणि ज्या विभागाला ही गाळणी जमत नसेल त्याने ती आधी बसवावी.

नवी योजना असेल तर जुन्या नोंदी कुठून आणायच्या, हा प्रश्न राहतो. अकरावी प्रवेशाच्या बाबतीत तो गैरलागू आहे, कारण मोठ्या शहरांच्या क्षेत्रांत हीच पद्धत अनेक वर्षे चालू होती. त्या नोंदींवरून राज्याचा अंदाज बांधता आला असता. खरोखरच नवे काही असेल तर एक महसुली विभाग आधी उघडावा, आठवडाभर मोजावे, मग बाकीचे. पहिला आठवडा हीच चाचणी. राजकीयदृष्ट्या हे गैरसोयीचे आहे, कारण उद्‌घाटन एकाच दिवशी, एकाच कळीने व्हायला हवे असते.

मग हे घडवायचे कसे? सरकारी संकेतस्थळाला सुरक्षेचे लेखापरीक्षण सक्तीचे आहे, ते झाल्याशिवाय ते सरकारी सर्व्हरवर चढत नाही. भाराचे प्रमाणपत्र मात्र फार तर पीयूसीसारखे: गाडी उभी असताना, एकदा, आणि मग काचेला चिकटवून मोकळे. निविदेत दोनच अटी घालाव्यात. चाचणीतले आकडे आणि पहिल्या गर्दीच्या दिवसाचे आकडे यांतली तफावत ठरल्या मर्यादेत असेल तरच शेवटचा हप्ता मिळेल. आणि यंत्रणेच्या नोंदी सरकारच्या मालकीच्या असतील. कंत्राट बदलले तरी त्या जागच्या हलणार नाहीत. आकडे जाहीर केले तर बदनामी होईल, ही भीती फोल आहे. एनपीसीआय कोणत्या बँकेचे किती टक्के यूपीआय व्यवहार तांत्रिक कारणाने फसले हे दर महिन्याला छापते. बँका बुडालेल्या नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये वारंवारच्या बिघाडांमुळे रिझर्व्ह बँकेने एचडीएफसीसारख्या बँकेला नवी क्रेडिट कार्डे आणि नव्या डिजिटल योजना थांबवायला लावल्या, आणि डिजिटल योजनांवरचा निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडले. खासगी बँकेला हे लागू होऊ शकते, तर शिक्षण आणि कृषी विभागांना निदान महिन्याचा एक तक्ता छापायला हरकत नसावी.

२१ ते २६ मे २०२५ या दिवसांच्या नोंदी अजून कुठल्यातरी डिस्कवर असतील: कोणत्या मिनिटाला लोंढा आला, आधी कोणता भाग अडकला, किती जणांनी किती वेळा पुन्हा प्रयत्न केला. पुढच्या प्रवेशाची निविदा लिहिणाऱ्याने पहिले पत्र त्या मागवण्याचे लिहावे. जागा कमी पडते म्हणून जुन्या फायली पुसून टाकण्याची सवय सर्व्हरवाल्यांनाही असते.